वर्सोव्याची मंजुरी

हरेश्वर गेला त्या दिवशी सकाळी मी त्याच्या आईला नेहमीसारखा निरोप पाठवला होता. वर्सोव्याला, शेजारच्या पल्लवीच्या मोबाइलवर. पल्लवी म्हणजे त्याच्या चुलतभावाची मुलगी. तिने तो म्हातारीला वाचून दाखवायचा, असं ठरलेलं होतं. निरोपात चार वाक्यं होती. रात्रभर ताप चढला नाही. सकाळी नर्सने त्याची दाढी केली. खिडकीबाहेर कावळ्यांचं जोरात भांडण चाललंय. आणि आज त्याने ताज्या बोंबलांचं कालवण मागितलं. चारांतली तीन खरी होती. संध्याकाळी सहाच्या सुमारास तो गेला.

त्याला आता सहा आठवडे होतील. या पुरवणीसाठी त्याच्याबद्दल लिही, असा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हणून बसले, कारण आमच्या धंद्यातल्या माणसाला नाही म्हणायची सवयच नसते. आमचा धंदा जनसंपर्काचा. म्हणजे नक्की काय करता, असं लोक विचारतात, आणि उत्तर देईपर्यंत त्यांचं लक्ष उडालेलं असतं. मुलुंडच्या माझ्या आत्याची अजून समजूत आहे की मी स्टेशनबाहेर पत्रकं वाटते. वीस वर्षं मी आणि हरेश्वरने दुसऱ्यांची नावं पेपरात छापून आणली, दुसऱ्यांच्या तोंडी वाक्यं घातली. आमच्याकडे साहेबांचे उद्गार आधी तयार होतात, साहेब मागाहून बोलतात. कधी कधी बोलतही नाहीत. एवढ्या वर्षांत हरेश्वरचं स्वतःचं नाव मात्र कधी पेपरात आलं नाही. ही पहिलीच खेप, आणि ती अशी... मी चार दिवस कागद पुढ्यात घेऊन नुसती बसून होते.

मी त्याला पहिल्यांदा भेटले ती नोकरी मागायला. अंधेरी पूर्वेला चकाल्याच्या एका इमारतीत त्याच्या एजन्सीच्या दोन खोल्या होत्या, आणि शेजारी एक्स-रे काढण्याचं क्लिनिक, त्यामुळे आमच्या बाकड्यावर नेहमी कुणीतरी हात गळ्यात बांधून बसलेलं असे. मी इंग्रजी साहित्यात एम.ए., प्रमाणपत्रांची फाइल छातीशी धरलेली. त्याने फाइल उघडलीच नाही. एका मोठ्या कंपनीची प्रेस नोट माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, "वाच आणि सांग, यात झालं काय?" मी वाचली. अग्रगण्य होतं, नावीन्यपूर्ण होतं, ग्राहकांच्या सेवेसाठी कटिबद्ध होतं. मी म्हटलं, कंपनी कटिबद्ध आहे. "ते समजलं गं. झालं काय?" मी परत वाचली. काहीच झालेलं नव्हतं. मी तसं म्हटल्यावर तो हसला. "मग झालं तर. यातून काहीतरी झालेलं हुडकून काढायचं, हीच नोकरी. सोमवारपासून ये."

हे त्याला कोणी शिकवलं, ते मला पुढे कळलं. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला हा मुलगा. वडील लहानपणीच गेलेले, होडी चुलत्याकडे गेलेली, आणि आई टोपली घेऊन बाजारात बसायची. शाळा सुटली की तो तिच्या शेजारी पाटावर बसून गणितं सोडवायचा. त्याचं म्हणणं, आजूबाजूच्या बायका ताजं, ताजं म्हणून ओरडायच्या. त्याची आई, जिला तो आणि पुढे आम्ही सगळेच आय म्हणायचो, कधी ओरडली नाही. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की ती माशाचा कल्ला अंगठ्याने उचलून आतला लालभडक रंग दाखवायची आणि गप्प राहायची. बोलायचं काम गिऱ्हाईक करायचं. आमच्या ऑफिसात कुणी लांबलचक विशेषणं लिहिली की हरेश्वर खुर्चीतूनच हाक मारायचा, "कल्ला दाखव रे, कल्ला!" नवीन येणाऱ्या मुलांना वाटायचं, हा या धंद्यातला काहीतरी खास शब्द असावा.

लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे हॉटेलात चहा-बिस्किटं आणि पत्रकारांच्या पुढेमागे करणं. तेही असतंच. पण हरेश्वरबरोबर काम करताना जी गंमत होती ती वेगळीच होती. घाटकोपरचे एक शेठ आमच्याकडे आले होते. सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या धुऊन देण्याचा त्यांचा व्यवसाय. त्यांना पेपरात यायचं होतं. टाकी धुणारा माणूस पेपरात कशाला येईल, असं मला वाटलं. मी 'शुद्ध जल, निरोगी जीवन' असं काहीतरी लिहून ठेवलं. हरेश्वरने ते वाचून बाजूला ठेवलं आणि शेठच्या कामगारांना एवढंच सांगितलं, की तीन महिने टाकीतून जे जे निघेल ते फेकायचं नाही, धुऊन आमच्याकडे आणून द्यायचं. ऑफिसात पोत्यांचा ढीग लागला. मग त्याने लोणच्याच्या मोठमोठ्या काचेच्या बरण्या आणवल्या, एकेका बरणीत एकेक वस्तू ठेवली आणि घाटकोपरच्याच एका सोसायटीच्या हॉलमध्ये चक्क प्रदर्शन मांडलं. एका पायाची स्लीपर. अकरा क्रिकेटचे बॉल. कंगवा. पितळेचा छोटा गणपती. एक अख्खी कवळी. प्रत्येक बरणीखाली चिठ्ठी, 'मुक्काम अंदाजे चार वर्षं', 'मुक्काम अंदाजे दोन पावसाळे'. स्वच्छता हा शब्द त्याने कुठेही लिहू दिला नाही. दुसऱ्या दिवशी एका आजोबांनी गर्दीत पुढे येऊन ती कवळी ओळखली आणि परत मागितली. गच्चीवर वाळवण राखताना काढून ठेवली होती म्हणे! सुनेने तिथेच कपाळाला हात लावला. आजोबांचा बरणीसकट फोटो छापून आला, आणि शेठचा फोन आठवडाभर खाली ठेवायला मिळाला नाही. त्या सगळ्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी माझं 'शुद्ध जल' गुपचूप फाडून टाकलं.

आमच्याकडे एक रीत होती, जिची बाहेर कुणाला सांगायची सोय नव्हती. कुठलीही नोट बाहेर जाण्याआधी दुपारी तीन वाजता हरेश्वर फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवायचा आणि घरी लावायचा. तीनपर्यंत आयची टोपली रिकामी झालेली असायची, जेवण उरकून ती दारातल्या पाटावर टेकलेली असायची. हा तिला ती नोट त्यांच्या बोलीत सांगायचा. ती ऐकायची, आणि बहुतेक वेळा पलीकडून एकच शब्द यायचा. "मंग?" मंग आलं की नोट थांबली. त्यात अजून काही झालेलं नाही, असा त्याचा अर्थ. "बरां," असं म्हणाली की पाठवायची. ऑफिसातली मुलं याला 'वर्सोव्याची मंजुरी' म्हणायची. क्लायंट विचारायचे, नोट का अडली? आम्ही गंभीर चेहऱ्याने सांगायचो, वर्सोव्याहून मंजुरी यायची आहे. त्यांना वाटायचं तिथे आमचे कुणी मोठे सल्लागार बसतात.

बोरिवलीच्या एका शाळेने नवी इमारत बांधली तेव्हाची गोष्ट मला लख्ख आठवते. मी इमारतीचे मजले, प्रयोगशाळा, संगणककक्ष असं सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. हरेश्वर सांगत गेला. "मंग?" प्रयोगशाळा आहे. "मंग?" संगणक आहेत. "मंग?" तो उठला, रिक्षा करून बोरिवलीला गेला आणि शाळेच्या वॉचमनशी तासभर बोलत बसला. परत आला तो उडत. जुन्या इमारतीत मुलींसाठी धड संडासच नव्हता. मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी पळायच्या, त्यातल्या निम्म्या परत यायच्या नाहीत. आता येतात. त्याने तेवढंच लिहिलं, मजले शेवटच्या ओळीत ढकलले. तीन वाजता आय ऐकून म्हणाली, "बरां. लय बरां."

मला मात्र या मंजुरीचा मनातून राग यायचा. खरं सांगते. आमच्या घरी मासे म्हणजे दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीतले. आणि माझं घासूनपुसून लिहिलेलं इंग्रजी-मराठी वर्सोव्याच्या एका मासेवालीच्या हो-नाहीवर टांगलेलं! मला शब्दांना पॉलिश करायला आवडतं. माझं मत असं की थोडं पॉलिश म्हणजे काही खोटं नव्हे. आमचं कडाक्याचं भांडण झालं ते यावरूनच. फरसाण बनवणाऱ्या एका क्लायंटचा माल बिघडला होता आणि शाळेच्या खेळांच्या दिवशी तो खाऊन बरीच मुलं आजारी पडली. मालक घाबरून आमच्याकडे धावले. मी नोट लिहिली. 'तीव्र उष्म्यामुळे काही विद्यार्थ्यांना अस्वस्थ वाटले. कंपनीने तत्परतेने पाणी व लिंबू सरबताची व्यवस्था केली.' उष्मा होताच, सरबतही दिलं होतं. तीन वाजता हरेश्वरने ती सांगितली. त्या दिवशी मंग आलं नाही. आयने विचारलं, "पोरां बरी हान का?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सकाळपासून आमच्यापैकी कुणीच हे विचारलं नव्हतं. हरेश्वरने नोट फाडली, मालकांना गाडीत घातलं आणि दोन दिवस घरोघर फिरवलं. प्रत्येक दारात हात जोडून, चूक आमची आहे, एवढंच म्हणायला लावलं. महिनाभराने त्या मालकांनी दुसरी एजन्सी धरली.

मी संतापले होते. म्हटलं, "असे आदर्श घेऊन बस तू. वाट लागेल एजन्सीची!"

"लागू दे ना यार."

"मी खोटं लिहिलं होतं का? उष्मा नव्हता?"

"मेधा, तू पॉलिश फार मारतेस. चपलांच्या दुकानात बरी चालली असतीस."

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पॉलिशची डबी होती, काळी, आणि ब्रश. मी ती अजून टाकलेली नाही.

यंदा उन्हाळ्यात त्याच्या अंगावर निळे डाग उठायला लागले. कुठे आपटला नाही, पडला नाही. रक्त तपासलं, आणि मग एकामागून एक तपासण्या... रक्ताचाच कॅन्सर होता, आणि वेगाने वाढणारा. आणि नशीब बघा, त्याच आठवड्यात आय ओट्यावर पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून प्लेट घातली आणि दोन महिने अंथरुणातून हलायचं नाही म्हणून सांगितलं. हरेश्वर अंधेरीच्या हॉस्पिटलात वेगळ्या खोलीत, जिथे जंतू नकोत म्हणून एका वेळी एकच माणूस, तोही गाऊन आणि मास्क घालून. आय वर्सोव्याला खाटेवर. मध्ये जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता. "मंजुरी आडवी, एजन्सी आडवी," तो म्हणाला. "आता तूच उभी आहेस."

सुरुवातीला तो आईशी फोनवर बोलायचा. मग औषधांनी तोंड आतून सोलवटलं, बोलणं होईना. व्हिडिओ कॉल त्याला नको होता. चेहरा सुजलेला, केस गेलेले. लिहून दाखवायला माझ्याकडून एक वही मागून घेतली आणि तिच्यात पहिलं वाक्य लिहिलं, 'आयला रोज नोट जाईल.' नियमही त्यानेच लिहिले. झालेलं लिहायचं. वाटतंय ते नाही, होईल ते नाही. खोटं तर नाहीच. मी विचारलं, "आणि त्यांनी विचारलं तर?" त्याने माझ्याकडे बघून लिहिलं, 'विचारलं तर सांगायचं. विचारेल तेव्हा तिला पाहिजे असेल.' मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं!

त्या नोटा म्हणजे त्याचं शेवटचं काम, आणि मला विचाराल तर सगळ्यात सुंदर. त्या खोलीत काही म्हणजे काही घडत नव्हतं. सलाईन, गोळ्या, उलट्या. त्यातून तो झालेलं हुडकायचा. आज खिडकीतून सांताक्रूझला उतरणाऱ्या विमानाने चाकं बाहेर काढलेली दिसली, बगळा पाय काढतो तशी. आज केरळच्या नर्सला 'बरां' म्हणायला शिकवलं, ती आता इंजेक्शन देऊन झालं की बरां म्हणते. आज जेवणातल्या दुधीला मी नावं ठेवली आणि नंतर संपवलाही. पल्लवी वाचून दाखवायची आणि मला लिहायची, 'आजी बरां बोलली.' मी त्याला ते दाखवायचे आणि तो डोळे मिटून घ्यायचा. त्या दिवसाचं काम झालेलं असायचं.

आषाढात त्याच्या फुप्फुसात संसर्ग उतरला. श्वासाची नळी घातली, वही माझ्याकडे आली, आणि नोटा मी एकटी लिहायला लागले. मला काही सापडेना. मी खुर्चीवर बसून त्या खोलीकडे टक लावून पाहायचे. नखं कापली. चादर बदलली. कपाळ पुसलं. लिहायचे आणि पाठवायचे, आणि दहा मिनिटांत पल्लवीचं उत्तर यायचं. 'आजी विचारते, मंग?' दुसऱ्या दिवशी परत. 'आजी विचारते, मंग?' मी लिहायचे, उद्या कळवते. त्याच दिवसांत डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की जवळच्यांना बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. पल्लवीचे वडील, मधुकरदादा, बाकड्यावर बसले होते. मी त्यांना सांगितलं. दर्यावर आयुष्य काढलेला तो माणूस रुमाल तोंडात धरून रडला. म्हणाले, "माझ्याच्यान नाय बोलवत, ताय. तूच लिव." मी लिहिलं, 'आज त्याच्या पायांना तेल लावलं.' आलं, 'मंग?'

आई विचारत होती. रोज विचारत होती. तिला विचारायची एकच रीत ठाऊक होती आणि तीच रीत वीस वर्षं मी स्पीकरवर ऐकत आले होते. पण मी स्वतःला सांगितलं, की नेहमीची सवय आहे म्हातारीची. सांगितलं, की तिचा खुबा नीट जुळायचा आहे, तिला हलवायची डॉक्टरांनी बंदी केली आहे, आणि इकडे आणून तिला काय दाखवायचं? आठ दिवस मी हे करत राहिले. त्यातले पहिले चार दिवस तो मधूनमधून डोळे उघडत होता. खोलीत कुणी आलं की बघायचा, आणि मीच आहे म्हटल्यावर परत मिटायचा. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

नवव्या दिवशी सकाळी मला तो 'मंग' सहन होणार नव्हता. तीन वाक्यं लिहून झाली होती, आणि बोट थांबलं होतं. हरेश्वरला ताजे बोंबील जीव की प्राण. ऑफिसात डबा उघडला की मी नाक धरून खिडकीशी जायचे. मला वाटलं, यावर कोण मंग म्हणेल? खायला मागतोय म्हणजे पोर बरं होतंय. आईला आणखी काय हवं! मी लिहिलं, 'आज त्याने ताज्या बोंबलांचं कालवण मागितलं.' पाठवलं. दहा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मंग आलं नाही. मला हायसं वाटलं, हे मी लपवत नाही. नोट मंजूर झाली असं समजून मी खाली जाऊन चहा प्यायले.

दुपारी एकच्या सुमाराला गेटवरून फोन आला. काही माणसं एका बाईंना खुर्चीवर घेऊन आली आहेत, टेम्पोतून. मी धावत खाली गेले. मासळी वाहणारा टेम्पो होता. त्यात प्लॅस्टिकची खुर्ची जाळ्याच्या दोरीने बांधलेली आणि खुर्चीत आय. कोळीवाड्यातली चार जवान माणसं ती खुर्ची उचलून उतरवत होती. तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, गळ्यात सोनं होतं, अंबाड्यावर अबोलीची वेणी होती. लग्नाला निघाल्यासारखी नटून आली होती ती. मुलाने बघावं म्हणून. टेम्पो उंचसखल रस्त्याने आदळत आला असणार, तिचा चेहरा दुखण्याने पांढरा पडला होता, पण हूं की चूं नाही. मी म्हटलं, आय, अहो तुम्ही... ती म्हणाली, "वर ने."

डॉक्टरांनी वीस मिनिटं दिली. त्या लुगड्यावर गाऊन चढवला, वेणीवर टोपी. मी काचेबाहेर उभी होते. ती त्याच्या हाताशी वाकून म्हणाली, "पोरा, मी आयली." एवढं मला ओठांवरून कळलं. मग ती बोलत राहिली; काय ते मला ऐकू आलं नाही. बोलायची, थांबायची, त्याच्या तोंडाकडे बघायची, परत बोलायची. त्याने डोळे उघडले नाहीत. मशीन आपलं काम करत होतं. केरळची नर्स आत होती, ती बाहेर आली तेव्हा तिचा मास्क भिजला होता. वीस मिनिटं झाली, कुणी काही म्हटलं नाही, चाळीस झाली. आय बाहेर आली, खुर्ची उचलणाऱ्यांना माझ्यासमोर थांबवलं आणि मला म्हणाली, "जेवलीस का गो पोरी?" मी नाही म्हटलं. संध्याकाळी तो गेला तेव्हा ती खालच्या बाकड्याशेजारी त्याच खुर्चीत बसलेली होती.

दिवसकार्य उरकल्यावर मी वर्सोव्याला गेले, कबुली द्यायला. किनाऱ्यावर बोटी वर ओढून निळ्या प्लॅस्टिकने झाकलेल्या होत्या, एकीला एक टेकून. मी त्यांच्याशेजारून चालत गेले, आणि तोवरही माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. आय दारातल्या खाटेवर होती. मी खाली बसले आणि सांगितलं, की आय, मी तुम्हाला खोटं लिहिलं. त्याने काही मागितलं नव्हतं. त्याला मागताच येत नव्हतं.

"मना ठाव हाय," ती म्हणाली.

"कधी कळलं?"

तिने हात लांब करून त्या झाकलेल्या बोटी दाखवल्या. "बोटी सगल्या वर काढल्यान. नारली पुनव व्हायची हाय. आषारान कोलनीचा पोर ताजं बोंबील मागल? सुकं मागल, जवला मागल. ताजं नाय मागाचा." मग म्हणाली, "तवाच समाजला. तो बोलत नाय, तू बोलतेस. म्हंजे त्याचा बोलना सपला."

मी रडायला लागले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला अजून मिठाचा वास होता. "रडू नको. तू चुकलीस म्हून मी पोराला बघली," असं म्हणाली. तिला ते मनापासून वाटत होतं. पण हिशेब मलाही येतो. मी आठ दिवस आधी खरं लिहिलं असतं, तर तिने त्याला बघितलं असतं आणि त्यानेही तिला. हिरवं लुगडं, अबोलीची वेणी... त्याने बघितलं असतं. हे ती बोलली नाही, कधी बोलणारही नाही, आणि मला ते तिच्याकडे बोलता येत नाही. वीस वर्षं मी शब्दांचा धंदा केला. याला काय पॉलिश करू?

ऑफिस चालू आहे. मुलं चांगली आहेत. तीन वाजले की अजूनही कुणीतरी टेबलाचा मधला भाग रिकामा करतं, फाइली बाजूला होतात, आणि मग सगळे एकमेकांकडे न बघता परत कामाला लागतात. तो गेल्यापासून आम्ही मंजुरीशिवायच नोटा पाठवल्या. त्या कशा होत्या ते मला माहीत आहे.

काल हा लेख लिहून झाला. तो होता तोवर मंजुरीशिवाय माझं काही छापून आलं नव्हतं आणि हा तर त्याच्यावरचाच, म्हणून मी तो घेऊन वर्सोव्याला गेले. तीन वाजले होते. आय आता काठी घेऊन चार पावलं टाकते. दारातल्या त्याच पाटावर, भिंतीला पाठ लावून बसली होती. मी शेजारी बसून वाचायला लागले. बरण्या आल्या तेव्हा ती हसली. फरसाणवाले आले तेव्हा मान हलवली. तो डोळे उघडायचा ते चार दिवस आले, तेही मी गाळले नाहीत. तिने लुगड्याचा पदर तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. मी पुढे वाचत गेले. टेम्पो, खुर्ची, काच, संध्याकाळ. वाचून संपलं. मी कागद खाली ठेवला.

ती समोर बघत होती. बोटींवरची प्लॅस्टिकं काढून झाली होती, माणसं एक बोट पाण्यात ढकलत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि हळू विचारलं,

"मंग?"

नोट अजून झालेली नाही, असा त्याचा अर्थ, हे मला ठाऊक आहे. तशीच पाठवते आहे.